द्रव्यपरिचय आणि विद्यार्थी-मंडळे

द्रव्यगुण हा विषय विद्यार्थी बहुधा पाठांतराने संपवितात. वनस्पतीची प्रत्यक्ष ओळख राहून जाते. त्याचे फळ पुढे चिकित्सक व औषधनिर्माते या दोघांसही भोगावे लागते.

कुटजाचेच उदाहरण घ्यावे. अतिसारावरील या प्रमुख द्रव्यात काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ होते. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात, तर काळ्या कुड्याच्या टोकाशी जुळलेल्या असतात. पहिल्याचे बीज म्हणजे कडू इंद्रजव, दुसऱ्याचे गोडे. झाडाखाली उभे राहून पाहिलेला हा भेद सहसा विसरला जात नाही.

यासाठी विद्यार्थ्यांनीच चालविलेली मंडळे उपयुक्त ठरतात. कनिष्ठांस वनस्पती दाखवावयाची म्हटल्यावर वरिष्ठ विद्यार्थी स्वतः अभ्यास करतो. कनिष्ठही सवंगड्यास निःसंकोच प्रश्न विचारतो. दिंडोशीलगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात अशी निरीक्षणे करता येतील. तेथे पानही तोडण्यास मनाई असल्याने अवलोकन, छायाचित्रे व नोंदी यांवरच भर द्यावा. सालींचे नमुने मात्र आपल्या औषधालयांनी पुरवावेत. खरा व भेसळीचा नमुना शेजारी ठेवून परीक्षा करवून घ्यावी. आजचे हे विद्यार्थीच उद्या आपल्या औषधांची पारख करणार आहेत.