लढाऊ रोबोट घडवताना : भाग ७
पन्नास बारचा माल सातपुरात कुठे मिळेल?

गेल्या आठवड्यात आपण प्रतिस्पर्ध्याला उलथवणाऱ्या फ्लिपरचा हिशेब मांडला आणि आकडा हजार न्यूटनवर, म्हणजे साधारण शंभर किलोच्या भारावर आला. एवढा जोर ४० मिलिमीटर बोअरचा सिलिंडर ८ बार हवेवर देतो. १६ मिलिमीटर बोअरचा सिलिंडर तोच जोर ५० बारवर देतो. पंधरा किलोच्या रोबोटात हा फरक फार मोठा, कारण वाचलेली जागा आणि वजन चिलखताला देता येतं. ब्रिटनच्या ‘रोबोट वॉर्स’मध्ये केऑस २ प्रतिस्पर्ध्याला थेट रिंगणाबाहेर भिरकावत असे, ते दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर.

मात्र आधी नियमावली वाचा. आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयीन रोबोवॉरमध्ये रेग्युलेटरपुढचा दाब ८ बारच्या वर नेता येत नाही. तिथे उच्च दाब उरतो तो बाटलीपासून रेग्युलेटरपर्यंतच्या वीतभर लाइनीत. पण माणूस जखमी होतो तो याच वीतभरात, त्यामुळे व्हॉल्व आणि सिलिंडर सोडले तर आजचं बाकी सगळं तिथेही लागू आहे.

सातपूर एमआयडीसीत न्यूमॅटिकच्या काउंटरवर पन्नास बारचा व्हॉल्व मागितला तर बहुधा ‘नाही’ ऐकायला मिळेल, नाहीतर हायड्रॉलिकचा व्हॉल्व पुढे येईल. कारखान्यातली हवा ६ ते ८ बारची. फेस्टो असो, एसएमसी असो की कोइमतूरची जनॅटिक्स, रोजच्या खपाचा माल १० बारच्या घरातला असतो. निळी पीयू नळी तर उन्हात त्याहूनही कमी सोसते. हायड्रॉलिक व्हॉल्व तीनशे बार झेलतो हे खरं, पण त्याच्या स्पूलला तेलाचं वंगण लागतं आणि स्पूलभोवतीच्या बारीक फटीतून हवा निसटत राहते. तो घेऊ नका.

माझं मत असं की ज्यांच्या धंद्यात तो दाब रोजचाच आहे, त्यांच्याकडे माल मागावा. पाण्याच्या आणि सरबताच्या पेट बाटल्या फुगवणारी यंत्रं २५ ते ४० बार हवेवर चालतात. ही यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला ४०-५० बारचे सोलेनॉइड व्हॉल्व आणि त्यांची सील किटं ठाऊक असतात. ब्रिटनमधले रोबोटवाले वापरत आलेत तो बर्कर्टचा ५४०४ हा व्हॉल्व ५० बारचाच आहे. जुना व्हॉल्व घेताना कॉइलवरचा शिक्का वाचा: २३० व्होल्ट एसीची कॉइल रोबोटात निरुपयोगी, २४ व्होल्ट डीसीची हवी. शिवाय हा व्हॉल्व दोन तोंडांचा आहे. तो हवा आत सोडतो. सिलिंडर रिकामा करायला वेगळी वाट ठेवावी लागते.

नळीसाठी हायड्रॉलिक होज क्रिम्प करणाऱ्याकडे जा. पाव इंची, एका तारजाळीचा होज २२५ बारला चालतो, दुहेरी जाळीचा ४०० बारला. तुमच्या लांबीचा नवा तुकडा समोर कापून, दोन्ही टोकं क्रिम्प करून मिळतो. तेलात वापरलेला तुकडा कितीही स्वस्त असला तरी नको.

आता आटे. आपल्या बाजारात बीएसपी चालतं, पेंटबॉलचा परदेशी माल बहुतेक एनपीटीचा. अष्टमांश इंचात बीएसपीचे इंचाला २८ आटे, एनपीटीचे २७. शिवाय एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. फरक इतका थोडा की एकात दुसरं हाताने दोन-तीन फेरे सहज जातं, मग अडतं. तिथे पाना लावला की आणखी अर्धा फेरा बसतो आणि जोड पक्का झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची शिखरं चिरडलेली असतात आणि सगळा भार एक-दोन आट्यांवर आलेला असतो. वर टेफ्लॉन टेप गुंडाळली की गळती थांबते, म्हणून हा दोष दिसतही नाही. खिशात थ्रेड गेज ठेवा. समांतर बीएसपी जोडाला टेपऐवजी डाउटी वॉशर वापरा.

सिलिंडर मात्र सातपुरातच बनवून घ्यावा. मायको सर्कलच्या पुढे ज्या बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टर बनतात, ते इंजेक्टर हजार बारच्या कितीतरी पुढे काम करतात. मायक्रॉनमध्ये बोलणारे टर्नर या गावाला नवे नाहीत. १६ च्या बोअरला दोन मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची भिंत ५० बारला पुरून उरते. फुटतं ते टोक, कारण पिस्टन स्ट्रोकच्या शेवटी झाकणावर आदळतो. झाकणाचे आटे लांब ठेवा आणि आत रबरी बफर द्या.

बाटली, रेग्युलेटर आणि सेफ्टी व्हॉल्व यांना लेथ लावायचा नाही. ते प्रमाणित आणि विकतचेच घ्या. अर्ध्या लिटरची बाटली २०० बारला भरली तर तिच्यात सुमारे वीस किलोज्यूल ऊर्जा असते, म्हणजे टनभराची गाडी दोन मीटर उचलण्याइतकी. ५०० मिलिलिटरच्या वरची बाटली २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांच्या कक्षेत येते आणि मान्यता देते ती नागपुरात मुख्यालय असलेली ‘पेसो’. त्याखालची बाटली त्या व्याख्येत बसत नाही, पण म्हणून ती सौम्य होत नाही. संयोजक प्रमाणपत्र मागतात ते रास्तच आहे. बाटलीवर हायड्रो टेस्टची तारीख कोरलेली नसेल तर ती घेऊ नका.

कार्बन डायऑक्साइड भरणार असाल तर ऋतू पाहा. २० अंशांना बाटलीतला दाब ५७ बार असतो, ३१ अंशांना ७४ च्या जवळ. त्यापुढे आत द्रव उरतच नाही आणि दाब किती चढेल हे बाटली किती भरली आहे त्यावर ठरतं. पवईतल्या टेकफेस्टचा डिसेंबर वेगळा आणि नाशकातला एप्रिल वेगळा. म्हणून भरणं नेहमी वजनकाट्यावर, बाटलीवर लिहिलेल्या मर्यादेतच. दाबाखालची हवा महाग पडते, पण उन्हात शहाण्यासारखी वागते. मी तीच निवडेन.

जुळणी झाली की पहिली चाचणी पाण्यावर. बाटली आणि रेग्युलेटर काढून ठेवा, सेफ्टी व्हॉल्वच्या जागी प्लग लावा, होज, व्हॉल्वची बॉडी आणि सिलिंडर पाण्याने भरून आतली हवा पूर्ण बाहेर काढा आणि पाइप टेस्टिंगच्या हातपंपाने ७५ बारपर्यंत न्या. दहा मिनिटं गेजचा काटा हलता कामा नये. पाणी दबत नाही, म्हणून जोड सुटला तरी नुसती चिळकांडी उडते. मग सगळं सुकवून सेफ्टी व्हॉल्व परत बसवा.

पुढच्या भागात : रेग्युलेटर गोठतो तेव्हा काय होतं, आणि फ्लिपरचा दुसरा फटका पहिल्यापेक्षा दुबळा का पडतो.