फोन ठेवल्यानंतरची आवराआवर

सोलापुरातल्या एखाद्या वसतिगृहात रात्री वीज जाते, राउटर विझतो आणि थोड्या वेळाने पुण्यातल्या सर्व्हरवर लावून ठेवलेला प्रोग्रॅमही मरतो. सर्व्हरची वीज तर शाबूत असते. मग प्रोग्रॅम मारला कोणी?

हुकूम निघतो कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून. त्या हुकुमाचं नाव सिगहप, सिग्नल क्रमांक १. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आकाराला येऊ लागली, तेव्हाचं टर्मिनल म्हणजे खडखडणारा टेलिटाइप. दूरचा टेलिटाइप मोडेमने फोनच्या तारेवर जोडलेला असे. पलीकडच्याने फोन ठेवला की मागे राहिलेले प्रोग्रॅम आवरायला हा सिग्नल.

सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली त्याच १९८३ साली बर्कलेहून ४.२ बीएसडी हे युनिक्सचं रूप बाहेर पडलं, आणि नेटवर्कवरून लॉगिन करणं रुळू लागलं. टेलिटाइप गेला, त्याच्या जागी कर्नलने रचलेलं आभासी टर्मिनल आलं. सिगहप मात्र टिकला.

जोडणी तुटल्याचं सर्व्हरला कळलं की कर्नल पहिला निरोप सत्राच्या म्होरक्याला, म्हणजे बहुधा टाइप केलेले हुकूम चालवणाऱ्या शेलला, देतो. बॅशसारखा शेल तो आपल्या सगळ्या कामांना कळवून स्वतः संपतो. म्होरक्या संपला की कर्नल पुन्हा सिगहप सोडतो, पण फक्त त्या टर्मिनलवर पुढे चालू असलेल्या प्रोग्रॅमांच्या गटाला. गिरणीचा भोंगा अख्ख्या गावाला ऐकू जायचा. हा एकाच खात्यात वाजतो. मागे चालणाऱ्या गटांना कर्नल स्वतःहून हात लावत नाही.

खरी हुशारी पुढे आहे. कंट्रोल-झेड दाबून थांबवलेला प्रोग्रॅम शेल गेल्यावर पोरका होतो. त्याला पुन्हा चालू करणारं कोणी उरत नाही. तो मेमरी अडवून तसाच पडून राहील. म्हणून पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाणकाचा नियम असा, की अशा पोरक्या गटाला आधी सिगहप आणि लगेच सिगकाँट, म्हणजे ‘चालू हो’, पाठवायचा. सिगहप न झेलणारा प्रोग्रॅम जागा होताच संपतो, झेलणारा आपली आवराआवर करतो. मारायचं त्यालाच जागं करायचं, हे ऐकायला क्रूर वाटतं. पण साफसफाईची संधी देणारा यापेक्षा सरळ मार्ग नाही.

टर्मिनलच नसलेल्या एनजिनेक्ससारख्या सर्व्हरांनी हा रिकामा सिग्नल ‘सेटिंग पुन्हा वाचा’ या कामाला जुंपला, तो जुगाडही झकास.

तेव्हा रात्रभर चालणारं काम नोहपने सुरू करा, म्हणजे ते सिगहपकडे दुर्लक्ष करेल. नाहीतर टीमक्समध्ये लावा. तिथे त्याचं टर्मिनल सर्व्हरवरच राहतं.