दिपोटी येणार!

आजच्या अंधेरी-बोरिवलीत नि घाटकोपर-मुलुंडात एकोणिसाव्या शतकात भातखाचरं होती, मिठागरं होती. जिल्हा ठाणे, तालुका साष्टी. इथल्या शाळा तपासायला येई तो डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? लोकांनी त्याचा ‘दिपोटी’ केला.

वुडच्या १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं. वर डायरेक्टर, त्याखाली गोरे इन्स्पेक्टर आणि पायपिटीला देशी डेप्युटी. त्याआधी शाळा तपासण्याचं काम दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांनी केलं. १८४६ मध्ये ते वारल्यावर दादोबा पांडुरंगांकडे आलं. म्हणजे मराठीचं व्याकरण लिहिणाराच शाळा तपासत होता! लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत टिळकही ठाणे-पुण्याकडे असिस्टंट डेप्युटी होते.

दिपोटी यायचा कसा? १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी आली, १८६७ मध्ये विरारची लोकल सुरू झाली. पण गाव रुळापासून लांब असलं की बैलगाडी, नाहीतर पाय.

तपासणीचा दिवस आधी कळलेला असे. मग शाळेची जमीन सारवायची, हजेरीपट ठाकठीक करायचा, एरवी गुरांमागे असणाऱ्या पोरांना धुतलेल्या सदऱ्यात आणून बसवायचं. वाचन, शुद्धलेखन, मोडी, तोंडी हिशेब. पावकी-निमकी खणखणीत म्हणणारा पोरगा पुढच्या रांगेत, अडखळणारा भिंतीकडेला. शेवटी शेरेबुकात चार ओळी, आणि मास्तरचा जीव भांड्यात.

जीव टांगणीला लागण्याचं कारण पैशाचंही होतं. इंग्लंडात १८६२ पासून पास झालेल्या मुलांवर शाळेचं अनुदान ठरू लागलं. तीच पद्धत लवकरच इथल्या खाजगी शाळांना लागू झाली. कवी मॅथ्यू आर्नोल्ड तिथे स्वतः शाळा तपासत. पोरं निव्वळ घोकतात म्हणून ते या पद्धतीवर तुटून पडले. मला त्यांचंच पटतं. परीक्षकाच्या हाती थैली दिली की शिकवणं परीक्षेपुरतंच उरतं.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी वेगळ्या जागी बोट ठेवलं. १८८२ च्या हंटर शिक्षण कमिशनपुढे त्यांनी सांगितलं की, डेप्युटीच्या वर्षातून एकदा येण्याचा फारसा उपयोग नाही. निदान तिमाही तपासणी हवी, शिवाय वर्दी न देताही यावं. गोरा इन्स्पेक्टरही अधूनमधून फिरकावा, मास्तरांवर वचक राहील. गावच्या अंमलदारांवर मात्र त्यांचा भरवसा नव्हता: त्यांच्यामागे सतरा कामं, शाळेत आलेच तर वरवर पाहून जाणार.