गोफणीचा गेम अन् बापाचा फोन

शेतकरी बंधूंनो, घरातलं शिकतं पोरगं उद्या म्हणालं, 'मी मोबाइलचा गेम बनवतोय', तर तुम्ही काय कराल? बहुतेक जण कपाळाला हात लावतील. आमच्या ओळखीच्या एका ज्वारीवाल्याने तेच केले. पोराचा गेम साधा होता : माळ्यावर उभे राहायचे, गोफण फिरवायची, कणसांवरची पाखरे उठवायची. लॅपटॉपवर तो झकास चालला. मग बापाच्या जुन्या फोनवर घालून रानात नेला, तर पाखरे अडखळत उडू लागली, फोन तव्यासारखा तापला आणि उन्हात गोफण कुठे अन् पाखरू कुठे, काहीच कळेना. बाप म्हणाला, "हे कोण खेळणार?" प्रश्न रास्त होता. गावोगावी असलेच फोन आहेत. त्यांवर चालला नाही तर वर्षाची मेहनत पाण्यात.

चूक फोनची नव्हती, चित्र काढण्याच्या पद्धतीची होती. पडद्यावरचे पाखरू सफाईने उडताना दिसावे म्हणून फोन सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने काढतो. म्हणजे एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकले नाही की पाखरू अडखळलेच. १९९७ साली नोकिया ६११० फोनवर आलेला साप आठवतो का? फिनलंडच्या तानेली अर्मांतो यांनी तो केला, तेव्हा पडदा होता ८४ बाय ४८ ठिपक्यांचा, एकूण ४०३२. आजचा ७२० बाय १६०० चा स्वस्तातला पडदा म्हणजे साडेअकरा लाख ठिपके. रान २८५ पटीने वाढले. आतली चिपही दांडगी झाली हे खरे, पण लॅपटॉपची बैलजोडी वेगळी आणि या फोनची वेगळी.

पोराने कणसांवर धूळ, धुळीवर ऊन, उन्हावर ढग असे पारदर्शक थर चढवले होते. भिंतीला चुन्याचे चार हात द्यायचे तर कष्ट चौपट. इथेही तोच हिशेब, तोच ठिपका चार-चारदा रंगवला जातो. आता धूळ फक्त गोटा पडतो तिथेच उडते. निम्मा त्रास इथेच संपला.

दुसरी गोम चित्रांची. पाखरू वेगळे, पान वेगळे, गोटा वेगळा, आणि प्रत्येकासाठी चिपला वेगळा हुकूम. एकेक पेंढी आणायला गाडी जुंपण्यातला हा प्रकार! सगळी छोटी चित्रे एका मोठ्या चित्रात शेजारी-शेजारी मांडली, याला अ‍ॅटलास म्हणतात, की एका खेपेत काम होते. शिवाय पुष्कळ जण एक गोष्ट विसरतात. जेपीजी फाइल साठवताना लहान दिसते, पण खेळताना ती मेमरीत पूर्ण उलगडते. १०२४ बाय १०२४ चे चित्र मग ४ एमबी खाते. तेच एएसटीसी पद्धतीने ४ बाय ४ च्या ठोकळ्यांत दाबले तर १ एमबी, आणि मागच्या रानासारख्या चित्राला ८ बाय ८ घेतले तर पाव एमबी. अगदी जुन्या फोनला एएसटीसी समजत नाही, त्यांच्यासाठी ईटीसी२ वापरतात.

तापण्यावर उपाय सोपा. जिथे पाखरे उडत नाहीत, त्या सुरुवातीच्या पानावर सेकंदाला ३० चित्रे पुरतात.

आता ऊन. गडद पार्श्वभूमीचा पडदा उन्हात आरसा होतो. आपलेच तोंड दिसते. ओएलईडी पडद्यावर काळा रंग बॅटरी वाचवतो, पण रानात तो कामाचा नाही. म्हणून मागचे रान फिके, पाखरू गडद, काठाला जाड रेघ. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात किमान ४.५ ला १ फरक ठेवावा असा वेबसाइटसाठीचा दंडक आहे; उन्हात त्याहून जास्तच बरा. बटण ९ मिलिमीटरहून लहान नको, घट्टे पडलेल्या बोटाला ते सापडत नाही. कॅमेऱ्याच्या खाचेखाली तर बटण ठेवूच नये.

पोराला सर्वात जास्त छळले ते मराठीने. 'किती' लिहिले की पडद्यावर 'कतिी', आणि ज्वारीचा ज पाय मोडून वेगळाच उभा. अक्षरे मेमरीत उच्चाराच्या क्रमाने असतात. वेलांटी मागे घेणे, जोडाक्षर जुळवणे हे काम प्रोग्रॅमने करावे लागते. इंग्रजीपुरत्या बनवलेल्या प्रोग्रॅमला ते येत नाही. २०२३ साली आलेल्या गोडो ४ या फुकट मिळणाऱ्या गेम-इंजिनात ही सोय आहे. आधी माहीत असते तर शब्दांची चित्रे कापून चिकटवण्यात त्याचे दिवस गेले नसते.

सरपंच, भाऊसाहेब, तुमच्याकडेही कोणी शाळेसाठी असा खेळ दाखवायला आणेल. पंख्याखाली बसून पाहू नका. ओट्यावर उन्हात या, घरातला सर्वात जुना फोन मागवा, वीस मिनिटे खेळ चालू ठेवा आणि मग फोनच्या पाठीला हात लावा.

गेल्या आठवड्यात बापाने तो गेम पुन्हा हातात घेतला. फोन कोमट राहिला. बराच वेळ खेळून तो एवढेच म्हणाला, "गोफण अशी सुटत नाही. गोटा डावीकडं जातोय." पोरगं सध्या तेच दुरुस्त करत बसलंय.