ऑईलमध्ये बाटली ओतावी का?

गाळप हंगाम जवळ आला की ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांची डागडुजी निघते. दुकानदार ऑईलच्या डब्याबरोबर एक बाटलीही पुढे करतो, ‘ही ओता, इंजिनाचे आयुष्य दुप्पट!’ पुष्कळजण ओततातही.

वास्तविक चांगल्या ऑईलमध्ये झीज रोखणारी जस्ताची संयुगे आणि काजळी धरून ठेवणारी द्रव्ये कारखान्यातच मापाने घातलेली असतात. (ऑईल काळे पडले म्हणून घाबरू नका, काजळी इंजिनाला न चिकटता ऑईलात आली, म्हणजे ते काम करतेय.) वरून आणखी काही ओतले तर ते माप बिघडू शकते. अमेरिकेत ‘स्लिक ५०’ ही अशीच बाटली भरपूर खपली. झीज कमी होण्याच्या तिच्या जाहिरातींना पुरेसा आधार नाही म्हणून तिथल्या संघीय व्यापार आयोगाने १९९६ साली कारवाई केली.

डिझेलच्या बाटलीचे थोडे वेगळे आहे. नोझलवरची घाण तिने काही प्रमाणात निघते. पण नोझल झिजलेच असेल तर पंपवाल्याकडे जाण्यावाचून इलाज नाही.

फडातली धूळ मात्र इंजिन खाते. तेव्हा एअर क्लीनरच्या वाटीतला गाळ वेळच्यावेळी काढा, डिझेल फिल्टरखालचे पाणी सोडा, आणि पुस्तिकेतल्या ग्रेडचेच ऑईल ठरल्या तासांना बदला. बाटलीचे पैसे नव्या फिल्टरला लावा.