जुन्या मोटारीला एलईडी इंडिकेटर : बल्बबरोबर फ्लॅशरही बदलावा लागतो

म्हैसूर : म्हैसूर-बेंगळुरू मार्गालगत श्रीरंगपट्टणजवळ 'पयण' हे जुन्या मोटारींचे संग्रहालय आहे. तेथील मोटारी दालनात सुरक्षित उभ्या असतात. हौशी मालक ज्या ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी रस्त्यावर काढतात, त्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. नव्या द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने मागून येणाऱ्या चालकाला या गाड्यांचा मंद पिवळा इंडिकेटर भर दुपारी दिसतो का?

एलईडी हा त्यावरचा लोकप्रिय उपाय आहे. तापून पूर्ण उजळण्यास तारेच्या बल्बला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. एलईडी जवळजवळ तत्क्षणी पेटतो आणि वीजही फार कमी घेतो. पण अडचण नेमकी या कमी विजेतूनच उद्भवते.

जुन्या गाडीतील फ्लॅशरमध्ये बहुधा दोन धातूंची जोडपट्टी असते. विजेच्या प्रवाहाने ती तापून वाकते, संपर्क तुटतो. थंड झाली की पुन्हा जुळतो. म्हणजे प्रवाह हेच या यंत्रणेचे घड्याळ. पुढचा आणि मागचा असे २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपियर प्रवाह ओढतात. त्यांच्या जागी प्रत्येकी तीन वॅटचे एलईडी आले, की प्रवाह अर्ध्या अँपियरवर येतो. पट्टी पुरेशी तापत नाही आणि दिवा लुकलुकण्याऐवजी नुसता पेटून राहतो. त्यानंतरच्या काळातील काही रिले याउलट वागतात. एक बल्ब गेला आहे, असे समजून ते घाईघाईने उघडझाप करतात. नियमानुसार इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा व्हायला हवी.

प्रवाह पूर्ववत करण्यासाठी अनेक ठिकाणी रेझिस्टर जोडून दिला जातो. सहा ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर २४ वॅट उष्णता निर्माण करतो. तो जुन्या वायरिंगला किंवा प्लॅस्टिकला टेकला तर धोका उघड आहे. शिवाय वाचवलेली वीज त्यातच जाते. भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणे हाच सरळ मार्ग होय. त्याला बहुधा अर्थिंगची एक जादा तार द्यावी लागते.

खरेदीपूर्वी गाडीची विद्युतरचना तपासणे आवश्यक आहे. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. तेथे नेहमीचा एलईडी किंवा फ्लॅशर चालेलच असे नाही. काही गाड्या ६ व्होल्टच्या असतात. म्हैसूरच्याच आयडियल जावा कारखान्यातील जुन्या दुचाकीही तशाच. डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंसाठी एकच सूचक दिवा असेल, तर एलईडी बसवल्यावर चारही इंडिकेटर एकदम लुकलुकू शकतात. सूचक दिव्याची परतीची वीज दुसऱ्या बाजूच्या दिव्यांतून जात असते आणि एलईडीला तेवढीही पुरते. दोन डायोड आणि सूचक दिव्याला स्वतंत्र अर्थिंग दिल्यास हा दोष जातो.

बल्बची निवडही महत्त्वाची. जुना परावर्तक चहूबाजूंनी प्रकाश टाकणाऱ्या तारेसाठी घडवलेला असतो. केवळ टोकाला एलईडी असलेला बल्ब थेट मागून झगमगतो, पण बाजूने येणाऱ्या दुचाकीस्वाराला जेमतेम दिसतो. त्यामुळे कडेनेही एलईडी असलेला बल्ब घ्यावा आणि पिवळ्या काचेमागे पांढरा नव्हे, तर पिवळाच प्रकाश वापरावा.

कायद्याचीही शंका अनेकांना असते. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकीला 'विंटेज' नोंदणी मिळते. मात्र वाहन मूळ रूपात असावे, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा, अशी अट आहे. बल्ब आणि फ्लॅशर या तिन्हींत मोडत नाहीत. तरीही मूळ सुटे भाग जपून ठेवणे इष्ट.

आणि खर्चापूर्वी एक स्वस्त प्रयोग : होल्डरमधला गंज काचकागदाने घासून अर्थिंग घट्ट करावे, काळवंडलेला परावर्तक पुसावा. मग कुणाला तरी भर उन्हात गाडीच्या मागे तीस पावलांवर उभे करून इंडिकेटर लावून पाहावा. अनेकदा मंदपणाचे कारण बल्ब नसतोच.