हिंदमाताचे पाणी

मुंबईत जोराचा पाऊस सुरू झाला की बातम्यांत एक नाव हमखास ऐकू येते. ते म्हणजे हिंदमाता. दादर आणि परळ यांच्यामध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर हा चौक आहे. हिंदमाता चित्रपटगृहावरून त्याला हे नाव पडले. येथे साड्यांचा व कापडाचा मोठा बाजार आहे. जवळच के. ई. एम., वाडिया आणि टाटा ही रुग्णालये आहेत. पाणी चढू लागले की दुकानदार मालाचे गठ्ठे वरच्या फळ्यांवर ठेवतात. रुग्णांचे नातेवाईक जेवणाचा डबा सांभाळत गुडघाभर पाण्यातून वाट काढतात.

पाणी येथेच का साचते? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण जमिनीचे. मुंबई पूर्वी सात बेटांची होती. परळ हे त्यांतलेच एक बेट. बेटांमधल्या सखल जागा भरून शहर वाढले. हिंदमाताचा भाग आजही बशीसारखा खोलगट आहे. आजूबाजूचे पाणी तेथे धावत येते.

दुसरे कारण गटारांचे. जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्यापुरतीच होती. एवढा पाऊस एक चौरस किलोमीटर जागेवर पडला, तर अडीच कोटी लिटर पाणी होते! पाऊस याहून जास्त झाला की पाणी रस्त्यावर येते.

तिसरे कारण समुद्राचे. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी अनेक नाल्यांच्या तोंडापेक्षा उंच होते. मग शहरातले पाणी समुद्रात जाणार कसे?

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शेकडो माणसे दगावली. २९ ऑगस्ट २०१७ रोजी एक नामवंत डॉक्टर पाण्यातून पायी घरी निघाले होते. ते उघड्या मॅनहोलमध्ये पडले. त्यांचा मृतदेह वरळीच्या समुद्राजवळ सापडला. पाणी लवकर ओसरावे म्हणून कोणीतरी झाकण उघडावे आणि त्यात दुसऱ्याचा जीव जावा, ही केवढी दुःखाची गोष्ट!

यावर उपाय शोधणारे लोक कोण आहेत? स्थापत्य अभियंते जमिनीची उंची मोजतात, गटारांचे नकाशे तयार करतात. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालात गटारांची क्षमता दुप्पट करण्याची सूचना होती. २००५ नंतर त्या कामाला वेग आला. २०१६ साली ब्रिटानिया उदंचन केंद्र सुरू झाले. तेथील पंप भरतीतही पाणी समुद्रात फेकतात. २०२१ पासून परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या. हिंदमाताचे पाणी त्यांत साठवतात आणि ओहोटी लागली की सोडून देतात. त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा लवकर उतरते. तरी फार जोराच्या पावसात ते अजूनही साचते.

म्हणजे काम संपलेले नाही. पवईच्या आय. आय. टी. मधील अभ्यासक व विद्यार्थ्यांनी पावसाचा अंदाज देणारे ॲप बनवले आहे. कोठे किती पाणी साचले, हे नागरिकही त्यावर कळवू शकतात. तरुण डॉक्टर लेप्टोच्या रुग्णांवर उपचार करतात आणि पायाला जखम असताना अशा पाण्यात उतरू नका, असे सांगतात.

विद्यार्थी मित्रांनो, ही माणसे काही वर्षांपूर्वी तुमच्यासारखीच बाकावर बसून गणित, भूगोल आणि विज्ञान शिकत होती. उद्या त्यांची जागा तुम्हांला घ्यायची आहे. तोपर्यंत एवढे करा : गटारात प्लॅस्टिक टाकू नका आणि उघडे मॅनहोल दिसले तर लगेच मोठ्यांना सांगा.

शब्दार्थ : सखल – खोलगट, खालच्या पातळीची. ओसरणे – कमी होणे. उदंचन केंद्र – पंपाने पाणी उपसण्याची जागा.

स्वाध्याय
१. हिंदमाताला पाणी साचण्याची तीन कारणे लिहा.
२. टाक्यांतले पाणी ओहोटीच्या वेळीच का सोडतात?
३. तुमच्या वस्तीत पाणी कोठे साचते? त्याचे कारण शोधून पाच वाक्ये लिहा.